एका जागी थांबायचं नाही

ऐरोलीत सेक्टर आठला माझा इस्त्रीचा ठेला होता,
बारा वर्षं.
तिथे ताप म्हणजे धनी.
पाण्याचे चार थेंब शिंपडायचे, चर्र ऐकायचं,
आणि कॉलरवर सगळा भार टाकायचा.

इथे रबाळ्याला, पांचाळांच्या शेडमध्ये,
ताप म्हणजे चोर.
पाय न वाजवता येतो,
बफरच्या चकतीखाली दबा धरतो,
आणि मी घाम पुसायला मान वळवली की
आरशासारख्या रेझिनवर
साय धरून निघून जातो.

पांचाळ शिकवत नाहीत, ओरडतात.
"हजाराच्या वर नको, विमान उडवायचंय का?"
"कडेला हात हलका. कड आधी तापते."
"दाबू नकोस, कणीक नाहीये ती."
"आणि एका जागी थांबायचं नाही, बाई,
एका जागी थांबायचं नाही."

हे शेवटचं मला आधीच ठाऊक होतं.
सेक्टर तीनच्या एका वकिलाच्या पांढऱ्या शर्टावर
माझ्या हातची तपकिरी खूण आहे,
बरोब्बर इस्त्रीच्या आकाराची.
म्हणजे होडीच्या.

आणि आता खरीच होडी.
दिवाळ्याचे मोरेश्वर नाखवा टेम्पोतून फळी घेऊन आले,
बापाच्या होडीची, सागाची,
खिळ्यांची सात भोकं, गंजाची वर्तुळं,
एका टोकाला डांबर अजून चिकटलेलं.
मुलाने उलव्यात फ्लॅट घेतलाय, रविवारी वास्तुशांत,
त्याला टेबल हवं.
पांचाळांनी फळीच्या दोन्ही अंगांना
खाडीच्या पाण्याचा रंग ओतला,
खाडी पूर्वी होती त्या रंगाचा,
आणि सांगितलं, सात दिवस हात लावायचा नाही.
नाखवा चौथ्या दिवशी आले. पाचव्या दिवशी आले.
सहाव्या दिवशी बोंबील घेऊन आले.
पांचाळांनी बोंबील ठेवून घेतले.

मग चारशेचा कागद, सहाशे, आठशे, हजार,
बादलीत भांड्याच्या साबणाचा एक थेंब,
तांदळाच्या धुवणासारखं पाणी कोपरापर्यंत.
पाण्याने घासताना ताप येत नाही,
नुसती पाठ जाते.
दोन हजार. तीन हजार.
मग मलम, मग मशीन.

बोटांच्या शेंड्यांना मला ऊन-गार कळत नाही,
इस्त्रीने ते खाऊन टाकलं.
म्हणून मी मनगट टेकवते.
कोमट लागलं की उचलायचं,
दुसऱ्या टोकाला जायचं.
हे मी चाळीस वेळा केलं असेल.
एक्केचाळिसाव्या वेळी
तिसऱ्या भोकात गंजाचं काहीतरी दिसलं,
अक्षरासारखं,
आणि मी वाचत राहिले.

अंगठ्याएवढा ढग.
चकती चिकटली, वास आला,
ओढली तर रेझिन सुरकुतलं
तापलेल्या दुधासारखं.

पांचाळ ओरडले नाहीत.
त्याचीच भीती वाटली.
"गार होऊ दे," म्हणाले. "तापलेल्याला हात लावलास
तर वाढवशील."
तेवढ्यात लाइट गेली, शुक्रवार होता,
रबाळ्यातली सगळी यंत्रं एकदम गप्प,
कुठे तरी एका पत्र्यावर कावळा चालला ते ऐकू आलं.
आम्ही दोघं फळीच्या दोन बाजूंना
काही न बोलता बसलो,
जसं कुणी झोपलेलं असावं.

तासाभराने मी पुन्हा आठशेवर गेले. हाताने.
उजेड दारातून येत होता तेवढाच.

शनिवारी नाखवा वाकून बघत राहिले.
ढग नव्हता. भोकं होती सातही,
खोल, काचेच्या तळाशी, हात न पोचणारी.
त्यांनी तरी बोट फिरवलंच.
मग विचारलं,
"याव गरम च्या ठेवला त चालंल ना?"

"नाही," मी म्हणाले. "खाली काहीतरी ठेवायचं.
गरम भांडं तर मुळीच नाही."

ते हसायला लागले.
बंदरावर उलटी पडायची म्हणे, चैत्र-वैशाख,
पोटावर हात ठेवला तर फोड यायचा,
बाप तिच्यावर उकळतं डांबर ओतायचा बादलीने.
"आणि आता," ते म्हणाले,
"कपाला भिते."

हसता हसता डोळे पुसले,
आणि टेम्पोवाल्याला ओरडले,
सावलीत लाव रे, सावलीत.